एका अंकाचे, फारसे कुणी न ऐकलेले कॉमिक ऑपेरे घेऊन फिरणारी कंपनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोग संपला की लोक स्टेजजवळ येऊन जे विचारतात, किंवा बुकिंग करण्याआधी मेसेजमध्ये जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र टाकलंय. क्रमाला काही अर्थ नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

तुम्ही नक्की करता काय?

छोटे, एका अंकात संपणारे, विनोदी ऑपेरे करतो आणि ते घेऊन फिरतो. चार-पाच गायक, पियानोवर एक जण, लाइट आणि बॅकस्टेज सांभाळणारे दोघं, आणि एका गाडीत मावेल एवढं नेपथ्य. मोठ्या ऑपेरा हाऊसमध्ये वर्षानुवर्षं जे लागतं, 'कार्मेन', 'ला त्राव्हियाता' वगैरे, ते आम्ही करत नाही. एक तर ते करणारे भरपूर आहेत, आणि दुसरं म्हणजे त्याला लागणारा कोरस बसवायला अजून दोन गाड्या लागतील.

ऑपेरा म्हणजे शेवटी कुणीतरी मरणार आणि मरता मरता दहा मिनिटं गाणार, तेच ना?

आमच्याकडे सहसा कुणी मरत नाही. मेलंच तर परत उठतं. सिरीयसली. हिंडेमिथचा 'हिन उंड त्सुर्युक' म्हणून एक बारा मिनिटांचा ऑपेरा आहे, 1927 सालचा, त्यात नवरा संशयावरून बायकोला गोळी घालतो, खिडकीतून उडी मारतो, आणि मग एक दाढीवाला साधू येऊन म्हणतो की एवढ्याशा कारणासाठी हे काय चाललंय, आणि अख्खी गोष्ट उलटी फिरवतो. बायको जिवंत, नवरा खिडकीतून आत, पार पहिल्या क्षणापर्यंत मागे. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कळायला अर्धा मिनिट लागतो, मग जो हशा येतो तो थांबत नाही.

एका अंकाचा म्हणजे किती वेळ?

सॅम्युएल बार्बरचा 'अ हँड ऑफ ब्रिज' दहा मिनिटांच्या आत संपतो, चार माणसं पत्ते खेळतायत आणि प्रत्येक जण मनातल्या मनात भलताच विचार करतोय, बस, एवढंच. मेनोत्तीचा 'द टेलिफोन' पंचवीसेक मिनिटं. राव्हेलचा 'लर एस्पान्योल' पन्नास मिनिटांच्या आसपास, आणि रोसिनीचे जे फार्सा (हेही एका अंकाचे विनोदी ऑपेरे, पुढे सांगतो) आहेत ते दीड तासापर्यंत जातात. म्हणजे एक अंक असं म्हटलं तरी लांबीचा काही भरवसा नाही. आम्ही एका संध्याकाळी बहुतेक वेळा दोन करतो, मध्ये मध्यांतर, आणि दोन-सव्वादोन तासांत तुम्ही मोकळे.

हे ऑपेरे इतके चांगले आहेत तर मग कुणाला माहीत का नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगायचं तर आमची अख्खी कंपनी या प्रश्नावरच उभी आहे.

सोपं उत्तर असं की ते मोठ्या थिएटरच्या हिशोबात बसत नाहीत. मोठ्या ऑपेरा हाऊसकडे साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा पगारावर असतो, कोरस पगारावर असतो, स्टेज प्रचंड असतं, आणि तिकीट काढणाऱ्याला पूर्ण संध्याकाळ हवी असते. आता तिथे तीन पात्रांचा पाऊण तासाचा ऑपेरा लावायचा म्हणजे कोरस घरी बसून, निम्मे वादक घरी बसून, आणि वर अजून एक ऑपेरा जोडायला शोधा. दोन ऑपेरे म्हणजे दोन सेट, दोन वेळा तालमी, दोन दोन कास्ट, आणि पोस्टरवर दोन अशी नावं जी कुणीच ऐकलेली नाहीत. कुठला मॅनेजर करेल? म्हणून मग वर्षाला एखाद्या संगीत विद्यालयात विद्यार्थ्यांचा प्रयोग होतो आणि तेवढ्यावर ते ऑपेरे जिवंत राहतात.

पण गंमत अशी की हे ऑपेरे छोटे आहेत ते कुणाला मोठं लिहिता येत नव्हतं म्हणून नव्हे, तर अट तशी होती म्हणून. व्हेनिसमध्ये सान मोइझे नावाचं एक छोटं थिएटर होतं, त्याची स्पेशालिटीच फार्सा, म्हणजे एका अंकाचा विनोदी ऑपेरा, गायक मोजके, कोरस नाही, नेपथ्य साधं, खर्च कमी. तिथे 1810 साली अठरा वर्षांच्या रोसिनीचा 'ला काम्बियाले दि मात्रिमोनियो' लागला, आणि 1813 पर्यंत त्याने तिथेच एकूण पाच फार्सा दिले. पॅरिसमध्ये संगीतकार ऑफेनबाखने 1855 मध्ये स्वतःचं थिएटर काढलं, बूफ पारिझियां, तर सरकारी परवान्यात पात्रं किती असावीत यावरच बंधन. म्हणजे दोघा-तिघांत, चौघांत गोष्ट सांगायची. मग काय, 1857 च्या 'क्रोकफेर'मध्ये त्याला एक पात्र जास्तीचं हवं होतं तर त्याने सरळ त्या पात्राची जीभ लढाईत कापली गेलीय असं दाखवलं, आणि ते पात्र बोलायच्या ऐवजी पाट्या धरून उभं! बोलतच नाही म्हटल्यावर नियम कसा मोडला? असल्या डोक्याच्या माणसाला अट घातली की तो अजून मजेदार लिहितो.

आणि ज्या अटींमुळे हे मोठ्या थिएटरला अडचणीचे वाटतात, कमी माणसं, कमी सेट, कमी वेळ, नेमक्या त्याच अटी फिरत्या कंपनीला हव्या असतात. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या गाडीचं माप घेऊनच लिहिलंय असं कधी कधी वाटतं.

काहींचं नशीबही वाईट होतं. दोनिझेत्तीने 'रिता' 1841 मध्ये पॅरिसच्या ओपेरा-कोमिकसाठी लिहून पूर्ण केला, तो स्टेजवर आला 1860 मध्ये, तोवर दोनिझेत्तीला जाऊन बारा वर्षं झाली होती. शूबर्टने 'दी फेरश्वोरेनेन' 1823 मध्ये लिहिला, नाटकाचं नाव 'कट करणारे' अशा अर्थाचं होतं म्हणून सेन्सॉरला ते खटकलं आणि नाव बदलून 'घरातलं युद्ध' असं काहीतरी निरुपद्रवी करावं लागलं, तरी त्याच्या हयातीत प्रयोग झाला नाही तो नाहीच. 1861 उजाडलं.

आणि हो, काही ऑपेरे विसरले गेले ते योग्यच झालं. आम्ही वाचून बाजूला ठेवलेल्या स्वरलिप्यांचा ढीग बराच मोठा आहे. 'विसरलेला' म्हणजे 'उत्तम' असं समीकरण नसतं.

इंटरमेझ्झो, फार्सा, ऑपेरेटा, ऑपेरा बूफा... फरक काय यात?

परीक्षा नाहीये, एवढं टेन्शन घेऊ नका. पण थोडक्यात सांगतो.

अठराव्या शतकात गंभीर ऑपेराचे तीन अंक असायचे, देव, राजे, त्याग वगैरे. त्या अंकांच्या मधल्या वेळेत हलकंफुलकं काहीतरी दोन-तीन पात्रांत करायचे, ते इंटरमेझ्झो. पेर्गोलेझीचा 'ला सेर्व्हा पाद्रोना' असाच, 1733 मध्ये नेपल्सला त्याच्याच एका गंभीर ऑपेराच्या मध्ये दोन तुकड्यांत लागला. गोष्ट काय, तर घरातली मोलकरीण सेर्पिना आपल्या खडूस म्हाताऱ्या मालकाला, उबेर्तोला, युक्तीने लग्नाला तयार करते. गाणारे दोघंच, तिसरा नोकर मुका. तो गंभीर ऑपेरा आज फारसं कुणी करत नाही, मधलं फिलर मात्र राहिलं. पेर्गोलेझी स्वतः सव्वीसाव्या वर्षी गेला. पुढे 1752 मध्ये एका इटालियन मंडळीने पॅरिसला हाच छोटासा ऑपेरा केला आणि तिथे फ्रेंच संगीत भारी की इटालियन यावरून असा वाद पेटला की लोक पत्रकांवर पत्रकं काढत सुटले, रूसोसारखा माणूस त्यात इटालियन बाजूने उतरला. पाऊण तासाचा ऑपेरा, मोलकरणीची गोष्ट, आणि दोन वर्षं भांडण.

फार्साचं वर सांगितलंच. ऑपेरेटा म्हणजे ऑफेनबाखच्या बाजूचं, ज्यात गाण्यांच्या मध्ये साधं बोलणं असतं, नाच असतो, राजकारणावर टोमणे असतात. ऑपेरा बूफा हा मोठा, दोन-तीन अंकांचा विनोदी ऑपेरा, तो आमच्या कक्षेबाहेर.

पहिल्यांदाच बघतोय, कुठल्यापासून सुरुवात करू?

माझं मत विचाराल तर दोनिझेत्तीचा 'इल कांपानेल्लो', 1836, नेपल्स. औषधवाला दोन आनिबाले पिस्ताक्कियो, वय झालेलं, आज लग्न झालंय तरुण मुलीशी, आणि पहाटे त्याला रोमला निघायचंय. कायदा असा की रात्री दुकानाची घंटा वाजली तर औषधवाल्याने स्वतः उठून औषध द्यायलाच हवं. मुलीचा आधीचा प्रियकर एन्रिको हे ओळखून रात्रभर वेगवेगळी सोंगं घेऊन घंटा वाजवत राहतो. कधी फ्रेंच छैलछबिला, कधी आवाज बसलेला गायक, कधी एक म्हातारा जो आजारी बायकोसाठी न संपणारं प्रिस्क्रिप्शन वाचून दाखवतो. एकाच बॅरिटोनने, म्हणजे मधल्या पट्टीतल्या पुरुष गायकाने, सगळी सोंगं करायची आणि प्रत्येक वेळी गळा वेगळा लावायचा, त्यामुळे गायकाची जिरते, प्रेक्षकांची चंगळ होते. हे शब्दही दोनिझेत्तीनेच लिहिलेत, संगीतकाराला विनोदाचं टायमिंग कळत असलं की काय होतं ते इथे दिसतं.

ज्यांना इटालियन नको त्यांनी मेनोत्तीचा 'द टेलिफोन' बघावा, इंग्रजीत आहे, 1947 चा. बेनला लूसीला लग्नाचं विचारायचंय, पण तिचा फोन सुटत नाही. शेवटी तो बाहेर जाऊन बूथमधून तिला फोन करून मागणी घालतो. तेव्हा फोनला वायर होती एवढाच फरक, बाकी सगळं आजचंच आहे.

भाषा कळली नाही तर विनोद कसा कळणार?

स्टेजच्या वर स्क्रीनवर भाषांतर दिसतं, त्याला सरटायटल म्हणतात. ऑपेरात ही पद्धत पहिल्यांदा 1983 मध्ये टोरांटोला कॅनेडियन ऑपेरा कंपनीने 'एलेक्ट्रा'च्या वेळी वापरली. त्याआधी लोक अंधारात पुस्तिका चाळत बसायचे किंवा काही न कळताच बघायचे.

पण विनोदात एक वेगळी गोची आहे जी ट्रॅजिडीत नसते. स्क्रीनवर ओळ आधी आली तर लोक गायकाने पंच मारायच्या आधीच हसतात, आणि गायक बिचारा ओळ गाऊन वाट बघत उभा राहतो, हशा येऊन गेलेला. उशिरा आली तर पुढच्या गाण्यावर हशा पडतो. म्हणून सरटायटल चालवणारी व्यक्ती स्वरलिपी वाचू शकणारीच हवी, एक एक ओळ ती संगीतावर बघून हाताने बदलते, ऑटोमॅटिकवर आम्ही सोडत नाही. आणि खूप शब्द टाकायचे नाहीत. गाणं तीन वेळा तेच म्हणत असेल तर स्क्रीनवर एकदाच, मग स्क्रीन कोरी, म्हणजे नजर परत स्टेजवर येते.

मग सरळ भाषांतर करूनच का गात नाही?

काही करतो. ज्या ऑपेरांत गाण्यांच्या मध्ये बोलणं आहे, म्हणजे बहुतेक फ्रेंच आणि जर्मन, तिथे बोलणं प्रेक्षकांच्या भाषेत आणि गाणी मूळ भाषेत असा मधला मार्ग छान चालतो. बोलण्यात गोष्ट कळते, गाण्यात संगीत मूळ राहतं.

रोसिनीचं मात्र अवघड असतं. तो एकेका शब्दाची अक्षरं इतक्या वेगाने झाडतो की दुसऱ्या भाषेत ती बसवायला गेलं की जीभ अडखळते. इटालियन शब्द बहुतेक स्वरात संपतात, त्यामुळे तोंड सतत उघडं मिळतं, व्यंजनांवर संपणाऱ्या भाषेत तोच वेग ठेवला तर गायक गुदमरतो.

ऑर्केस्ट्रा नाही? नुसता पियानो?

हो, बहुतेक वेळा पियानो. यात कमीपणा नाही, शाब्रियेच्या 'युन एज्युकास्यों मांके'चा 1879 मधला पहिला प्रयोगच पियानोवर झाला, आणि पियानोवर स्वतः शाब्रिये. जागा असेल तिथे आम्ही सोबत क्लॅरिनेट, बासरी, व्हायोलिन, चेलो असे चार-पाच जण नेतो. पेर्गोलेझीला तर मुळातच तंतुवाद्यं आणि हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं कळांचं वाद्य, एवढंच लागतं, तिथे काही कापावंच लागत नाही.

नुकसान कुठे होतं तेही सांगतो. रोसिनीच्या 'इल सिन्योर ब्रुस्किनो'च्या सुरुवातीच्या संगीतात दुसऱ्या फळीतल्या व्हायोलिनवाल्यांनी गजाने समोरच्या स्टँडवर टकटक करायचं असं लिहिलंय, 1813 मध्ये लोकांना ते आवडलं नाही म्हणतात, ऑपेरा आपटला. आता पियानोवर ती टकटक कशी करणार? आमचा पियानिस्ट झाकणावर बोटांच्या पेरांनी वाजवतो. लोक हसतात. पण आठ-दहा व्हायोलिनवाले गंभीर चेहऱ्याने एकदम टकटक करतात ती मजा वेगळी, मान्य आहे.

माइक लावता का?

नाही. बोलण्याच्या भागालाही नाही. तयार गळ्यात साधारण 3000 हर्ट्झच्या आसपास एक जोर असतो, तिथे वाद्यांचा आवाज उतरत गेलेला असतो, म्हणून एकटा गळा साठ वाद्यांवरून ऐकू येतो. आमच्याकडे तर एकच पियानो. उलट छोट्या हॉलमध्ये गायकांना आवाज आवरायला सांगावं लागतं, पहिल्या रांगेतल्या लोकांचे कान आहेत शेवटी.

एका गाडीत अख्खा सेट? कसं काय?

आमचा नियम : जी वस्तू गोष्टीत काही काम करत नाही ती गाडीत चढत नाही. दरवाजा हवा, कारण विनोदी ऑपेरात अर्धं नाट्य दार उघडण्यात आणि चुकीच्या वेळी बंद होण्यात असतं, आणि ते दार खरोखर धाडकन लागलं पाहिजे. भिंत नसली तरी चालते, चौकट भक्कम हवी. टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट ज्यात माणूस लपू शकेल. बस.

सगळ्यात जास्त डोकं 'लर एस्पान्योल'ने खाल्लंय. त्यात घड्याळजीची बायको कॉन्सेप्सियोन नवरा बाहेर गेल्यावर प्रियकरांना उभ्या मोठ्या घड्याळांमध्ये लपवते, आणि रामिरो नावाचा तगडा खेचरवाला ती घड्याळं खांद्यावर टाकून जिन्याने वर-खाली करत राहतो, आत माणूस आहे हे त्याला माहीतच नाही. आता खरोखर माणूस आत घालून घड्याळ उचलणारा बॅरिटोन मिळाला तरी तो त्यानंतर गाणार कसा? म्हणून घड्याळाला मागून मोकळी जागा लागते, आत शिरलेला गायक घड्याळ उचललं जायच्या आत मागून विंगेत सटकतो, रिकामं हलकं घड्याळ उचललं जातं, आणि रामिरोने ते जड असल्याचा अभिनय करायचा. प्लायवूड पातळ, कोपऱ्यांना स्क्रू, पाठ उघडी. प्रेक्षकांना पाठ कधीही दिसता कामा नये, त्यामुळे स्टेजवरची प्रत्येक हालचाल त्या एका गोष्टीभोवती बसवावी लागते.

दोन ऑपेरे एका संध्याकाळी कसे जोडता?

गायकांवरून. एक सोप्रानो (उंच पट्टीची गायिका), एक टेनर (उंच पट्टीचा गायक), एक बॅरिटोन, एक बास (सगळ्यात खालच्या पट्टीचा) असेल तर दोन्ही ऑपेरे त्याच चौघांत व्हायला हवेत, नाहीतर अर्धी मंडळी अर्धी रात्र विंगेत बसून राहणार. त्यानंतर बघायचं की दोन्ही एकाच चवीचे नकोत.

ही जोडायची कल्पना जुनीच आहे. फेब्रुवारी 1786 मध्ये सम्राट दुसऱ्या योझेफने व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात एकाच रात्री दोन छोटे ऑपेरे करवून घेतले, मोझार्टचा 'डेर शाउश्पीलडिरेक्टोर' आणि सालिएरीचा 'प्रिमा ला मुझिका ए पोइ ले पारोले'. दोन्ही ऑपेरे ऑपेरावाल्यांचीच टर उडवणारे. मोझार्टच्यात दोन सोप्रानो मानधनावरून आणि मान-अपमानावरून वरच्या वरच्या सुरांत भांडतात, सालिएरीच्यात कवी आणि संगीतकार, चार दिवसांत ऑपेरा तयार करा असा हुकूम, संगीत आधीच तयार आणि कवीने त्यात शब्द कोंबायचे. नाटकमंडळीत काम केलेल्या कुणालाही हे बघताना आपल्या ओळखीची माणसं दिसतात. आणि 1875 मधला गिल्बर्ट-सलिव्हन या इंग्रज जोडीचा 'ट्रायल बाय ज्युरी' तर ऑफेनबाखच्या एका ऑपेराबरोबर उरलेली संध्याकाळ भरायला म्हणून आला, आणि लोक फिलरसाठीच तिकीट काढायला लागले.

स्वरलिप्या कुठून आणता? हक्कांचं काय?

जुन्यांचं सोपं वाटतं पण तेवढं सोपं नाही. बऱ्याच देशांत संगीतकार आणि शब्द लिहिणारा दोघंही जाऊन 70 वर्षं झाली की मूळ कृती मोकळी होते. पण कुणी संशोधन करून नव्याने संपादित केलेली आवृत्ती छापली असेल, जसं रोसिनीसाठी पेझारोची फोंदाझिओने रोसिनी करते, तर ती आवृत्ती वापरायला वेगळी परवानगी. भाषांतराचे हक्क भाषांतरकाराचे. आणि मेनोत्ती 2007 मध्ये गेला, त्यामुळे 'द टेलिफोन' फुकटात करायचा विचार कुणी डोक्यात आणू नये, प्रकाशकाकडून प्रत्येक प्रयोगाची परवानगी आणि फी.

जुन्या छापील प्रती ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवल्यात, तिथून सुरुवात होते. पण त्यात चुका असतात. गायकाच्या ओळीत एक सूर, पियानोच्या ओळीत दुसरा, आणि कुठला खरा ते तालमीत बसून ठरवायचं.

दीडशे-दोनशे वर्षं जुने विनोद आज चालतात?

माणसाच्या स्वभावावरचे चालतात. कंजूष म्हातारा, संशयी नवरा, पोकळ बढाया मारणारा, हे सगळे आजही आहेत. वोल्फ-फेर्रारीचा 'इल सेग्रेतो दि सुझान्ना', 1909, त्यात नवऱ्याला घरात तंबाखूचा वास येतो, बायकोचा कुणी प्रियकर येतो म्हणून तो थयथयाट करतो, आणि निघतं काय तर बायको स्वतःच गुपचूप सिगारेट ओढते. शेवटी दोघं मिळून ओढतात. आज हे करताना सिगारेट खरी पेटवत नाही एवढाच बदल.

परक्या देशांची टिंगल मात्र आज शिळी आणि ओशाळवाणी वाटते. ऑफेनबाखचा 'बा-ता-क्लां' खोट्या चिनी दरबारात घडतो, खोटी चिनी भाषा, खोटी नावं. आता त्यात खरी थट्टा फ्रेंच दरबाराचीच आहे, कारण ती सगळी पात्रं मुळात फ्रेंचच निघतात, पण मेकअप करून डोळे बारीक करून ते कराल तर लोक उठून जातील आणि बरोबरच आहे. आम्ही ती जागा एक कुठलंही काल्पनिक ऑफिस करून टाकली, नवीन आलेल्याला न समजणाऱ्या शब्दांतच सगळे बोलतात, विनोद जसाच्या तसा उभा राहिला. 'रिता'मध्ये मारहाण आहे, आधीचा नवरा तिला मारायचा, म्हणून आता ती दुसऱ्याला मारते. हे नुसतं हशावर न्यायला आम्हाला जमत नाही, पहिल्या फटक्याला संगीत थांबवून एक क्षण सोडतो. यावर कंपनीत अजूनही दोन मतं आहेत. माझं मत, तो क्षण हवाच.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

आणा. सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं मजेत बसतात, मुका नोकर आणि सोंगं त्यांना मोठ्यांपेक्षा आधी कळतात. बिझेचा 'ल दोक्तर मिराक्ल' असेल तर नक्कीच आणा, त्यात ऑम्लेटवर एक अख्खं चौघांचं गाणं आहे, एवढ्या भक्तिभावाने की विचारू नका. बिझे तेव्हा अठरा वर्षांचा होता, ऑफेनबाखने ठेवलेल्या स्पर्धेसाठी त्याने हे लिहिलं आणि शार्ल लेकोकबरोबर पहिलं बक्षीस वाटून घेतलं. दोघांनी तीच संहिता वेगवेगळी संगीतबद्ध केली होती, आणि एप्रिल 1857 मध्ये लागोपाठच्या दिवशी दोन्ही लागले. दोन्ही एका रात्री करायची आमची जुनी इच्छा आहे.

टाळ्या कधी वाजवायच्या? हसलं तर चालतं?

हसा. मोठ्याने हसा. गायकांना स्टेजवर दिव्यांमुळे तुमचे चेहरे दिसत नाहीत, हशाच काय तो कळतो. टाळ्या गाणं संपलं की. मध्येच वाजवल्या तर आकाश कोसळत नाही.

गायक आजारी पडला तर?

मोठ्या थिएटरात प्रत्येक भूमिकेला बदली कलाकार तयार असतो, आम्हाला ते परवडत नाही. म्हणून आमचे गायक आपली भूमिका सोडून अजून एक तरी शिकून ठेवतात. आणि अगदीच अडलं तर एक जण बाजूला स्टँड लावून गातो आणि दुसरा स्टेजवर नुसता अभिनय करतो. विनोदी ऑपेरात हे इतकं छान जमतं की काही वेळा लोकांना तो दिग्दर्शनाचाच भाग वाटतो. शेवटचा हुकमी एक्का म्हणजे चिमारोझाचा 'इल माएस्त्रो दि कापेल्ला', वीस मिनिटांचा, गाणारा एकच, एक वैतागलेला संगीत दिग्दर्शक वादकांकडून तालीम करून घेतोय आणि कुणीच वेळेवर वाजवत नाहीये. एक धडधाकट बॅरिटोन असला की प्रयोग रद्द करावा लागत नाही.

तुमच्यात गायचंय, ऑडिशनला काय आणू?

दोन गाणी, एक संथ आणि एक जलद बोलांचं. आणि एक उतारा बोलायचा, गायचा नाही. खूप सुंदर गळे त्या बोलायच्या उताऱ्यावर अडकतात, हात कुठे ठेवायचे ते सुचत नाही. सामान उचलायची तयारी हवी, टेनर असलात तरी.

आमच्या हॉलमध्ये प्रयोग लावायचा असेल तर काय लागेल?

साधारण सहा मीटर रुंद आणि पाच मीटर खोल सपाट जागा. स्टेज उंच नसलं तरी चालतं, पण मग खुर्च्या उताराला हव्यात, नाहीतर मागच्यांना गुडघ्यांखालचा विनोद दिसत नाही. दोन्ही बाजूंनी आत-बाहेर करायला वाट, कारण एका बाजूने गेलेलं पात्र दुसऱ्या बाजूने यायचं असतं आणि प्रेक्षकांतून पळत जाणं दर वेळी शोभत नाही. कपडे बदलायला बंद दार असलेली खोली. पियानो असेल तर प्रयोगाच्या दिवशीच, जागेवर ठेवून झाल्यावर ट्यून करून घ्या, आधी ट्यून करून मग ढकलत आणलात तर ते पैसे वाया. पियानो नसेल तर आम्ही डिजिटल आणतो, वजनदार कळांचा, फक्त जवळ एक चालू प्लग लागतो. पंखे आणि एसीचा आवाज आधी एकदा ऐकून घ्या. सेट लावायला तीन तास, काढायला एक, आणि गाडी स्टेजच्या दाराशी लागेल का ते बुकिंग करतानाच कळवा.